उपाशी चौकोन

मॅडम, रिटायर होताना तुम्ही मला दिलेली कापडी टेप अजून माझ्याकडे आहे. ‘मोजताना हिचा हात हलत नाही,’ असं सगळ्या स्टाफसमोर म्हणून तुम्ही ती माझ्या हातात ठेवलीत आणि मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, पोरगी कौतुकाने लाजली. लाज वाटत होतीच, पण तिचं कारण फक्त मला ठाऊक होतं.

चोपड्याच्या वर, सातपुड्यात, दोरी लावलेले आपल्या प्रयोगाचे चौकोन होते. आत साग आणि अंजनाची रोपं. काही चौकोनांना युरिया, काहींना सुपर फॉस्फेट, आणि एकाला काहीच नाही. जंगलाच्या मातीत अन्न वाढलं की झाड आधी उंच होतं, की पानांत आणि मुळांत साठवून ठेवतं, एवढंच तुम्हाला पाहायचं होतं. त्यासाठी तीन वर्षं तुम्ही एसटीत हाडं खिळखिळी करून घेतलीत. ‘हा उपाशी चौकोनच मला खरं सांगणार आहे, याला हात लावायचा नाही,’ असं पहिल्याच दिवशी तुम्ही मला दरडावलं होतंत. पण मी रावेरची, केळीवाल्यांच्या घरातली. आमच्या बागेत मागे पडलेल्या खोडाला आबा खताची एक मूठ जास्त टाकायचे, कारण सगळी बाग एकदम कापणीला यायला हवी. तिसऱ्या पावसाळ्यात तुम्ही तापाने घरी आहात आणि मी एकटी वर गेले आहे. उपाशी चौकोनातली रोपं पिवळट, गुडघ्याएवढीसुद्धा नाहीत. माझा हात युरियाच्या पिशवीत जातो. एकेका रोपाला एकेक मूठ, आणि वर मनातल्या मनात म्हणते, बिचारी! पुढच्या दोन फेऱ्यांतही तेच केलं. एवढ्याने जंगलाला काय कळणार, असं वाटलं मला.

जंगलाला कळलं. बऱ्या होऊन तुम्ही आलात तेव्हा त्या चौकोनातली सागाची पानं सुपाएवढी झाली होती, काळपट हिरवी. तुम्ही खाली बसून एकेक पान उलटून पाहिलंत आणि नानांना हाक मारलीत. नाना आपल्या चौकोनांची राखण करायचे, शेजारच्या पाड्यावर त्यांच्या बकऱ्या होत्या. ‘तुम्ही बकऱ्या आत बसवल्यात. लेंड्यांचं खत झालंय इथे. माझी तीन वर्षं मातीत घातलीत,’ तुम्ही म्हणालात.

नानांनी डोक्यावरची टोपी काढली. ‘मना पोऱ्यानी आन घेस, मॅडम. मनी एकबी बकरी आठे उनी नही. ताईले इचारा ना, ती बठ्ठं देखस.’

ताई सगळं बघते, म्हणून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. अंजनाचा पाला बकऱ्यांना किती आवडतो! त्या आत आल्या असत्या तर एक पान शिल्लक राहिलं नसतं. रागाच्या भरात तुम्हाला हे सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी टेप गुंडाळत म्हणाले, ‘मला काही माहीत नाही.’

नानांचं काम त्याच दिवशी सुटलं. तुम्ही वह्या कपाटात टाकल्यात आणि त्या कामाचं नाव पुन्हा काढलं नाहीत. पुढे तुम्ही वारल्याचं कळलं तेव्हा मी हमसून रडले आणि रडतानाच जरा सुटल्यासारखंही वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

आता मी धुळ्यात शिकवते. परवा माझ्या वर्गात त्या पाड्यावरचा एक विद्यार्थी निघाला. नाना आहेत, म्हणाला. डोळ्यांनी कमी दिसतं, बकऱ्या केव्हाच विकल्या. लोक अजून चिडवतात, नानांची नोकरी त्यांच्याच बकऱ्यांनी खाल्ली म्हणून. तोही हसला, आणि मॅडम, त्याच्याबरोबर मीही हसले.

चोपड्याची गाडी इथल्या स्टँडवरून रोज सुटते. तरी मी हे तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण तुम्ही आता मला काही विचारणार नाही.