दारावरचा भोंगा

मिनियापोलिस
रविवार, ७ मार्च २००४

प्रिय व्हर्लिन,

तू आणि डोरीन बरे असाल. गाई व्यायला लागल्या असतील, म्हणजे तुझ्या झोपेचं खोबरं झालं असणार. फाटलेले हातमोजे तरी बदललेस का? मी बरी आहे. म्हणजे घसा बरा आहे; माझं बाकी काहीही बिघडलं तरी कंपनीला चालतं.

अक्षर ओळखून पत्र चुलीत घालायला निघाला असशील तर जरा थांब. शेवटपर्यंत वाच आणि मग खुशाल घाल.

मी आता रेडिओवर नऊ गावांची ‘आपली मार्लिस’ झाले आहे. एका गावाची अख्खी सकाळ मी इथं बसून पंचवीस मिनिटांत आधीच रेकॉर्ड करून टाकते. मधली गाणी मशीन भरतं. समोर प्रत्येक गावाचा एक कागद असतो. रस्त्याचं नाव, शाळेचा संघ, नाश्त्याचं ठिकाण. आपल्या ग्रॅनविकच्या कागदावर इर्माचं हॉटेल अजून चालू आहे. मी दर बुधवारी म्हणायची, ‘अहाहा, खिडकीतून दालचिनीच्या रोलचा काय वास येतोय!’ हॉटेलला टाळं लागून दीड वर्ष झालं हे मला तुझ्याकडून कळलं. गावात काय हसले असतील सगळे! की हसलेही नाहीत?

ऑर्व्हिलकाकांनी गावचं रेडिओ स्टेशन कंपनीला विकलं म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाही. छातीचं ऑपरेशन झालं, मुलाला स्टेशन नको होतं, गिऱ्हाईक एकच आलं. पण सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ते रेडिओवर मयतांची नावं वाचायचे तेव्हा आधी टोपी काढून ठेवायचे, आठवतं? बघायला कोणी नसायचं, तरी काढायचे. कंपनीनं ते पहिल्याच महिन्यात बंद केलं. मेलेल्यांची नावं ऐकून लोक दुसरं स्टेशन लावतात म्हणे. मग आर्ने बक्केच्या अंत्यविधीला सात डोकी. निम्म्या गावाच्या गाड्या त्या माणसानं बर्फातून ओढून काढल्या होत्या रे. लोकांना कळलंच नाही.

बघ, लागले ना गावगप्पा हाकायला. पोटापाण्याची सवय ही. शांतता झाली की बोलून भरून काढायची.

आईचं बोलायचं आहे.

इस्पितळातल्या त्या बाकावर तू म्हणालास, “यापुढे आईला तोंड दाखवू नकोस.” मी म्हणाले, “माझा काय दोष? कंपनी लिहून देते, मी वाचते.” तू म्हणालास, “मग वाचत बस.” त्याला सात आठवडे झाले. तू बोललास ते मला लागलं, पण मी जे बोलले ते खोटं होतं.

तेरा जानेवारीची ती वाट मी मनात इतक्यांदा चालले आहे की तिथला प्रत्येक खांब मला पाठ झालाय. उणे बावीस थंडी. घरातल्या झग्यावर कोट चढवून, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या लेफ्सेची, त्या बटाट्याच्या पोळ्यांची, ताटली हातात घेऊन आई सहा गल्ल्या चालत स्टेशनवर गेली. दाराला कुलूप. आत माणूस नाही, नुसतं कपाटाएवढं मशीन. आणि दारावरच्या भोंग्यातून माझा आवाज रस्त्यावर येतोय, हसत-खिदळत. तिला वाटलं मी आत आहे. ती दार वाजवत राहिली. गुरांच्या खाद्याच्या दुकानातल्या वेंडेलनं तिला पाहिलं तोवर पाऊण तास झाला होता. पायाची दोन बोटं गेली, आणि त्या दिवसापासून ती अंथरुणाला खिळली.

त्या सकाळी मी भोंग्यातून म्हणत होते, ‘दार उघडंच आहे, कॉफी तयार आहे, या!’ ऑर्व्हिलकाका रोज म्हणायचे तेच. ते कुठल्याच कागदावर नव्हतं, व्हर्लिन. ते मी माझ्या मनानं घातलं होतं. चार भिंतींत एकटी बसून नऊ गावांशी खोटं बोलताना मला आपल्या घराची फार आठवण यायची, म्हणून.

एवढंच असतं तरी मी तुला आधीच सांगितलं असतं.

आदल्या दिवशी, सोमवारी, तिचा फोन आला होता. “अगं मार्ली, सहा गल्ल्यांवर बसतेस आणि आईकडे यायला तुला फुरसत नाही? गावाला कॉफी पाजतेस, मी काय घोडं मारलंय?” मी इथं चारशे मैलांवर असते हे तिला त्याआधी दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा ती आधी रडली आणि मग विसरली. त्या दिवशी माझी चार गावं बाकी होती. ती म्हणाली, “मग मीच येते उद्या. लेफ्से करते.” आणि मी, कानाला हेडफोन लावता लावता, म्हणाले, “बरं आई, ये.”

वाटलं, हेही विसरेल. नेमकं तेवढंच तिच्या लक्षात राहिलं. आणि मी तुला कंपनीवर दात-ओठ खाऊ दिले. कंपनीचा दोष आहेच; तिथं एक जिवंत माणूस बसला असता तर त्यानं दार उघडलं असतं. पण तिला ये म्हणणारी मी होते.

डोरीननं मला परवा फोन केला. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, आई वृद्धाश्रमातल्या नर्सना सांगत असते, “मी पुष्कळ दार वाजवलं. मार्लीनं ऐकलं नसेल. कामात असते बिचारी.” व्हर्लिन, ती मला माफ करून बसली आहे, आणि तेही भलत्याच गोष्टीसाठी. मला तिला समोर बसून सांगायचं आहे की आई, मी आत नव्हते. आत असते तर कसंही करून उघडलं असतं. आणि ये म्हणाले ते चुकलं. ती विसरेल. मग मी परत सांगेन.

शुक्रवारपर्यंतच्या सकाळी मशीनमध्ये भरून झाल्या आहेत. त्यानंतरच्या मी भरणार नाही. कंपनीला उद्या कळवते. शुक्रवारी सकाळी सात वाजता रेडिओ लावलास तर मी मेन स्ट्रीटवर छान ऊन पडल्याचं सांगत असेन. ते ऐकू नकोस. त्या वेळी मी आईच्या आश्रमाच्या दारात उभी असेन. मला आत सोडायचं नाही असं तू तिथं सांगून ठेवलं आहेस, ठाऊक आहे मला. नसेल सोडायचं तर तू स्वतः ये आणि तोंडावर सांग. मी बाहेर थांबेन. थंडी असली तरी थांबेन.

आईला मात्र मी येतेय म्हणून सांगू नकोस.

मिनियापोलिसहून, जिथं मी खरोखर बसले आहे तिथून,
तुझी बहीण
मार्लिस