तारेला लावलेलं तेल

चाचा, काल माझ्या मशीनीची तार पुन्हा अडकली. रिटायर झाल्यावर हौस म्हणून मी छोटी मिग मशीन घेतली हाय, बटण दाबलं की वेल्डिंगची तार आपोआप पुढं येते ती. घरामागं पत्र्याखाली बसून स्टुलं करतो, कुणाचं गेट नीट करून देतो. काल नातवाच्या सायकलीला कॅरिअर जोडायला बसलो, तर तार थांबत थांबत यायला लागली आणि तिला पुढं ढकलणाऱ्या रोलरपाशीच तिचा गुंता झाला. हात सरळ रोलरच्या नटाकडं गेला, आवळायला. इतक्या वर्षांनी! खुळा तो खुळाच. मग तुमची आठवण झाली. रोलर उचलला आणि तार नुसत्या हातानं ओढून बघितली. जड लागली. म्हणजे दोष रोलरात न्हाई, पुढं केबलीतल्या नळीत, जिच्यातनं तार जाते.

तुमच्या ताडकळसच्या दुकानात मी आलो ते विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याच्या शेवटच्या वर्षांत. आडनाव ऐकलं की माणसांची तोंडं बदलायची. दोन दुकानांनी मला पुढच्या आठवड्यात ये म्हणून वाटेला लावलं होतं. तुमी आडनाव विचारलंच न्हाई. हात दाखव म्हणालात, आणि दुपारी आपल्या डब्यातली भाकर अर्धी मोडून दिलीत. चाचींची अंबाडीची भाजी लय तिखट असायची, माझ्या डोळ्यांत पाणी आलं की तुमी हसायचात. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातनं तुमी मिग मशीन आणलेली, आसपास तसली दुसरी नव्हती, आणि महिन्याभरात ती माझ्या हवाली केलीत.

तिची तार अडकायला लागली तसा मी शहाणपणा केला. आमच्याकडं जे कुरकुरतं त्याला तेल, मग ते रहाटाचं चाक असो न्हाईतर शिलाई मशीन. तुमी नसताना तेलाची चिंधी तारेला बांधली. दिवसभर तार अशी पळाली की मी शीळ घालत काम केलं. दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघालेली टोळी आली, ट्रॉलीचा हूक मोडलेला. बायका, लेकरं, कोंबड्या, भांडी, सगळं ट्रॉलीत. मी हूक जोडायला घेतला. रोलर घसरत होता, मी आवळत होतो. जोडावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली. तेलानंच झालं हे कळलं, पण बोललो तर काम जाणार, आणि दुसऱ्या कुणाच्या दारात उभं राहणार? गार झाल्यावर मी वरून काळा रंग फासला.

ट्रॅक्टर सुरू झाला तेवढ्यात तुमी आलात. ओल्या रंगावर बोट फिरवलंत आणि सगळ्यांना खाली उतरवलंत. ग्रायंडर लावला, तर जोड आतनं पोकळ. मला जवळ घेऊन हळूच विचारलंत, "तेल कोन लावलं रे?"

मी तारेच्या रिळाकडं बघत राहिलो.

तुमी मुकादमाकडं वळलात. "गलती माझी हाय. घंटाभर थांबा." जुन्या रॉडच्या मशीननं तुमी हूक पुन्हा पक्का केलात. मुकादम वाट्टेल ते बोलला, तुमी मान खाली घालून ऐकलंत.

सकाळी मला वाटलं, आज हाकलणार. तुमी टॉर्चची, म्हणजे हातात धरून वेल्डिंग करायच्या पिस्तुलाची, केबल जमिनीवर सरळ पसरलीत आणि मला शेजारी बसवलंत. आधी हातानं बघायचं, मग टॉर्चचं टोक, मग नळी, मग रीळ. आवळायचं सगळ्यात शेवटी. तेलकट तार कापून फेकलीत, नळी रॉकेलनं धुऊन हवा मारून कोरडी केलीत. काल मी तेच केलं, त्याच क्रमानं, आणि तार चालली. चाचा, तुमच्या त्या शिकवण्यावर माझा संसार झाला, पोरं शिकली. तुमचे उपकार फिटायचे न्हाईत, आणि जिवंतपणी हे मी एकदाही बोललो न्हाई.

आता लिहून ठेवलंय, पण पाठवू कुठं? ही गोष्ट मी लय जणांना सांगितली हाय. पोरांना, सुनेला, तुमच्या मयतीला जमलेल्यांनासुद्धा. सगळं जसं झालं तसंच सांगतो. फक्त तुमी तेलाचं विचारता तिथं, दरवेळी, मी लगेच म्हणतो, "मी लावलं."