गाळलेलं प्रकरण

४ जुलै २०१०

दोनशे! दोनशेवा सभासद आज आला. मस्कतला असतो, मूळ कमठाण्याचा. दीड वर्षापूर्वी ‘मांजराकाठचे वाचक’ हा ई-मेल गट काढला तेव्हा आम्ही सातजण होतो. नियम एकच ठेवला: मराठी, कन्नड, दखनी, ज्याला ज्या भाषेत वाचायचं त्यात वाचावं, लिहायचं त्यात लिहावं. पुण्यातल्या गटांना हे जमायचं नाही. मी बिदरला बसून चालवतो. अभिमान वाटतो. या वहीत तरी तसं लिहायला हरकत नाही.

९ जुलै

या महिन्याचं पुस्तक सोमशेखरने सुचवलं. तो गुलबर्ग्याला कन्नड शिकवतो. रेवणसिद्धप्पांची कादंबरी. मराठी अनुवाद माझा, १९९४चा. मी सुचवलेलं नाही, हे विशेष!

१२ जुलै

दिवसभर वीज नाही. पत्रं साचली असतील.

१८ जुलै

भांडण पेटलं. सोमशेखरने लिहिलं, मेंढपाळाची मुलगी लिंगम्मा हैदराबादला विटा वाहायला जाते आणि पाच वर्षांनी गावी परततेच. सगळी कादंबरी त्या परतण्यासाठी आहे. पुण्याहून अंबिकाचं उत्तर: “कोण परत यायलंय? ती बसमध्ये बसते. बस वळते. संपलं.”

— बाई, पुस्तक पूर्ण वाचत जावा.

— अण्णा, अकरा वर्षं हे पुस्तक माझ्या उशाला आहे. माझ्या पुस्तकात ती येत न्हाई. विषय बंद.

दोन दिवसांत सत्तेचाळीस पत्रं. निम्मे याच्या बाजूने, निम्मे तिच्या. त्यात माझं एकही नाही.

कारण दोघंही खरं बोलतायत. कन्नडमध्ये आणखी एक प्रकरण आहे. मराठीत ते नाही. मी गाळलं.

१९ जुलै

तेव्हा मी पस्तिशीचा होतो. परत येणं मला तडजोड वाटायचं. रिकाम्या रस्त्यावर संपणारी कादंबरी स्वच्छ वाटली. रेवणसिद्धप्पांनी विश्वासाने परवानगीच्या कागदावर सही केली होती. पुस्तक छापून यायच्या आत ते गेले. प्रस्तावनेत मी एक ओळही लिहिली नाही. उलट सोळा वर्षं तो शेवट मिरवला. कुणीही ‘अनुवाद मुळापेक्षा आटोपशीर’ म्हटलं की मान डोलवायचो.

२१ जुलै

अंबिकाने आज सगळ्यांना लिहिलं. ती इथल्याच जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरची. १९९९ साली घरच्यांनी लग्न ठरवलं. नर्सिंगचा फॉर्म फाडला. तिने कॉलेजच्या ग्रंथालयातलं हे पुस्तक पिशवीत घातलं आणि पुण्याची गाडी धरली. पुस्तक अजून परत केलेलं नाही. घरीही गेलेली नाही. आई आहे. “पाय निघाला की लिंगम्माची बस आठवते,” असं लिहिलंय.

वाचून आधी ऊर भरून आला. आपल्या एका पानाने माणूस उभा केला!

चहा घेताना उमगलं काय वाचलंय ते. माझ्या कात्रीमुळे एक आई अकरा वर्षं वाट बघतेय.

२२ जुलै

माझी बायको सुशीला म्हणाली, “कामून असं बसलाव? कोण वारलं काय?”

सांगितलं. तिनेच त्या वेळी हस्तलिखिताची सुवाच्य प्रत केली होती. प्रकरण गाळायच्या आधी.

“मी तवाच म्हणलं होतं, पोरीला रस्त्यावर सोडायलाव म्हणून.”

“तू असं म्हणाली होतीस?”

“व्हय. तुम्ही कवा ऐकलाव?”

मग उठली. धान्याच्या कोठीमागून पत्र्याची पेटी काढली. त्यात निळी वही. शेवटचं प्रकरण, तिच्या अक्षरात.

“तुम्ही बंबात घालाय दिली होती. मी न्हाई घातली.”

२४ जुलै

सोमशेखर कन्नड शेवटाचं छायाचित्र सोमवारी टाकणार आहे. त्याच्या आत मीच लिहायला हवं. गटात मला सर म्हणतात, वाद झाला की माझा शब्द शेवटचा मानतात. ते जाईल. गट फुटेलही.

अकरा वाजता पाठवलं. चार ओळी. कारणं दिली नाहीत.

२५ जुलै

उत्तरं. “सर, पुढच्या वेळी मधली प्रकरणंही गाळा, वाचायला बरं.” “लिंगम्माचं परतीचं तिकीट सरांनीच फाडलं की!” मस्कतवाला: “मी तर कालच तुमची तारीफ केलतो.” सोमशेखरचं सगळ्यात वाईट, कारण सगळ्यात सभ्य: “श्रीपतराव, तुम्ही आम्हाला वडिलांसारखे. पण गेलेल्या माणसाच्या घराचं दार काढून न्यायचं नसतं.”

तीनजण गट सोडून गेले.



२६ जुलै

सुशीलाने वहीतून वाचलं, मी एका बोटाने टाइप केलं. सहा तास. लिंगम्मा येते. मेंढरांचा वाडा मोकळा आहे. आई दारात तांदूळ निवडतेय. वर न बघता म्हणते, “हात धू. भाकरी झालीया.”

सुशीलाने ती ओळ पुन्हा वाचली. 

चांगलं उतरलं होतं मराठीत. किती चांगलं! आणि मी ते बंबात घालायला दिलं होतं.

पाच वाजता प्रकरण गटावर टाकलं. खाली दोन नावं घातली, माझं आणि सुशीलाचं. तिला दाखवलं. “सुशीलाबाई कामून? नुसतं सुशीला चाललं असतं की,” म्हणाली, आणि तीनदा येऊन बघून गेली.

२९ जुलै

सोमशेखरची एक ओळ: “दार बसलं, सर.” पुन्हा सर म्हणाला!

अंबिकाचं अजून काही नाही. मी तिला वेगळं पत्रही पाठवलं. माफी मागितली. लिहिलं, तुझ्या आईचा मी देणेकरी आहे.

२ ऑगस्ट

अंबिकाचं उत्तर.

“सर, माफी कशाची? आमच्या शाळेत सगळं कन्नडच होतं. रेवणसिद्धप्पांचं पुस्तक मी आधी कन्नडमध्येच वाचलेलं. हात धू, भाकरी झालीया, सगळं तोंडपाठ होतं. मग ग्रंथालयात तुमचं सापडलं. दोन्ही समोर ठेवली. तुमचं उचललं. आईकडं कवा जायचं ते माझं मी बघीन.”