नळीतून आलेलं सुतक

टिळकवाडी, बेळगाव

तीर्थस्वरूप अण्णांना धाकट्या मधुवंतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

निपाणीत सगळे खुशाल असाल असं धरून चालते, कारण नसतात तर वहिनींचा फोन आधी आला असता. तुमचा गुडघा कसा आहे? (तो कोगनोळीचा तेल लावणारा माणूस अजून येतो का? त्याच्या तेलाने गुडघा हलला की नुसता घरात वास राहिला, तेही कळवा.) वहिनींना नमस्कार, तेजस्वीला आशीर्वाद. आमच्याकडे सर्व ठीक आहे. म्हणजे माणसं हातीपायी धड आहेत, एवढंच. बाकी आमच्या घरात गेले वर्षभर विज्ञान चालू आहे आणि त्याची हकीकत फोनवर सांगता येत नाही, कारण फोन वाजला की सासूबाई हातातलं काम टाकून दाराआड येऊन बसतात. म्हणून हे पत्र.

तुमचे मेहुणे निवृत्त झाल्यापासून घरात बसून होते हे तुम्ही पाहिलंच आहे. पेपर वाचायचा, पेपरातल्या चुका काढायच्या, त्या संपल्या की माझ्या काढायच्या. इंजिनिअर माणूस, दुरुस्त करायला काही नसलं की घरातली चांगली चाललेली वस्तू उघडून बसतो. (मिक्सर गेला, इस्त्री गेली, दाराची बेल आता दाबली की वाजत नाही आणि न दाबता वाजते.) अशात गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांचं समोरच्या आण्णाप्पा मगदूमांशी कडाक्याचं भांडण झालं आणि त्यांना जगायला कारण मिळालं.

बेळगावला एके काळी लोक हवा खायला यायचे. आता इथली हवा आधी यंत्रात घालून गार करावी लागते, मग खाता येते. एप्रिलमध्ये आमच्या कॉलनीत खिडकी तिथे एसी झाला. प्रत्येक एसीचं गरम तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे. शेजाऱ्याला त्या झळीने उकडायचं, मग तोही एसी आणायचा आणि झळ साभार परत करायचा. (पूर्वी आपल्याकडे अशी वाटीभर साखर जायची-यायची.) त्यात आण्णाप्पांचं पेढे-कुंद्याचं दुकान आमच्या बरोब्बर समोर, आणि मागे त्यांची शीतखोली, जिथे खवा, दूध, लोणी ठेवतात. त्या खोलीच्या यंत्राची झळ नेमकी सासूबाईंच्या तुळशीवर यायची. तुळस वाळली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. हे मात्र पुष्कळ बोलले, आण्णाप्पाही बोलले, आणि त्यानंतर आजतागायत दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत.

त्या भांडणातून यांना साक्षात्कार झाला की ही झळ फुकट जाते. घराघराला वेगळं यंत्र कशाला, सबंध वस्तीला एकच असावं. झालं, कमिटी झाली, हे अध्यक्ष झाले (दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, पण घरी सांगताना 'एकमताने'). कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर यंत्रघर उभं राहिलं. तिथून जमिनीखालच्या नळ्यांतून गार पाणी निघतं. चारी इमारती, दवाखाना, मंगल कार्यालय आणि आण्णाप्पांची शीतखोली इथली उष्णता गोळा करून परत येतं. ती उष्णता हवेत न सोडता दुसऱ्या नळीतल्या पाण्याला द्यायची, आणि ते तापलेलं पाणी आमच्या न्हाणीघरात येतं. खिडक्यांचे डबे गेले, गीझर गेले, आणि वीजही म्हणे पुष्कळ वाचते. हे इतकं सोपं असल्यामुळेच रस्ता सबंध पावसाळाभर उकरलेला होता. यंत्रघराची पाटी मराठीत वर लिहावी की कन्नडमध्ये, यावर सभा इतकी रंगली की शेवटी नुसता बाण काढला. तो बाण कशाकडे जातो हे नव्या माणसाला अजून कळत नाही.

खरी गंमत हिवाळ्यात आली. डिसेंबरात गारवा कुणालाच नको, गरम पाणी मात्र घराघराला हवं. मग उष्णता आणायची कुठून? बारा महिने गारवा लागणारी जागा अख्ख्या वस्तीत एकच, आण्णाप्पांची शीतखोली. (जोडीला एक राखीव हीटर घ्यायचा होता. कमिटीने तो पुढच्या टप्प्यात ढकलला. आपल्या देशात जे जे शहाणपणाचं आहे ते सगळं पुढच्या टप्प्यात असतं.) थोडक्यात, ज्या झळीपायी तुमचे मेहुणे आण्णाप्पांशी भांडले, तीच झळ रोज सकाळी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतात आणि "वा, काय पाणी आहे" म्हणतात. मधे नळी असली की माणसाला मिंधेपणा वाटत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

योजना येत्या रविवारपर्यंत प्रायोगिक आहे. रविवारच्या सभेत कायमचा करार व्हायचा, आणि त्यावर आण्णाप्पांची सही नसेल तर नळ्यांचा उपयोग घुशींना. त्यांनी यंत्रघर सांभाळणाऱ्या परशरामाकरवी निरोप पाठवला होता, की ज्यांना आमची झळ सोसली नाही त्यांनी आमच्या ऊबेवर आंघोळी कशाला कराव्या. मी म्हटलं, जा, दोन शब्द बोलून या. तर म्हणतात, मी का जाऊ, आकडे बोलतील. आकड्यांना पाय नसतात हे इंजिनिअरांना शिकवत नाहीत वाटतं. अण्णा, मी यांची थट्टा करते तो माझा हक्क आहे. पण वर्षभर हा माणूस सकाळी उठून कुठेतरी जात होता, चिखलात उभा राहत होता, जेवताना बोलत होता. रविवारी सगळं मोडलं तर तो पुन्हा पेपर घेऊन बसेल, आणि ते मला बघवणार नाही.

तर परवा पहाटे सासूबाई न्हाणीघरातून ओरडल्या की पाणी गार आहे. हे धावत यंत्रघराकडे. तासाभराने बातमी आली की आण्णाप्पांचे वडील रात्री गेले. नव्वदीच्या पुढचे होते. दुकानाच्या गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला कुंद्याची चव दिल्याशिवाय सोडायचे नाहीत. दुकान बंद झालं, शीतखोलीचं यंत्र रात्रीच थांबवलं, आतला माल सकाळी दवाखान्यात आणि शाळेत वाटला. यंत्र थांबलं म्हणून ऊब थांबली, ऊब थांबली म्हणून पाणी गार. सासूबाईंनी दोन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि देवघराचं दार ओढून घेतलं. म्हणाल्या, सुतक आलं.

यांनी त्यांना समजावायला घेतलं, आणि तिथेच घात झाला. नळीचं चित्र काढलं. पाण्यात पाणी मिसळत नाही, नुसती ऊब इकडून तिकडे जाते, हे तीनदा सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "त्यांच्या घरी माणूस गेलं म्हणून आपलं पाणी गार झालं, व्हय की न्हाय?" यांना खोटं बोलता येईना. म्हणाले, होय, पण त्याचं शास्त्रीय कारण असं... पुढचं कुणी ऐकलंच नाही. संध्याकाळपर्यंत सासूबाईंचं भजनी मंडळ जमलं, आणि ज्या ज्या घरी नळी आहे त्या त्या घरी सुतक, असा निकाल कॉलनीभर फिरला. चारी इमारतींतले देव आता पूजेविना बसले आहेत. येत्या दत्तजयंतीचं काय, असा नवा प्रश्न. बायका म्हणतात, उद्या कार्यालयात कुणाचं काही झालं, दवाखान्यात तर रोजच कुणाचं तरी होतं, मग आम्ही जन्मभर सुतकातच बसायचं का? त्यापेक्षा नळी काढा. रविवारी हात वर करणार त्या ह्याच बायका.

यांना दुःखाला जायचं होतं, हे मला माहीत आहे. अंत्ययात्रा निघाली तेव्हा चपला घालून जिन्यापर्यंत गेले, आणि जिन्यातूनच परत आले. बोलणं नाही तर जायचं कसं, म्हणाले. थट्टेची वेळ नव्हती.

असो. बाकी सर्व क्षेम. पत्र फार लांबलं, पण वाचायला तुम्हाला वेळ आहे आणि गुडघ्यामुळे तुम्ही पळूनही जाऊ शकत नाही. सर्वांना यथायोग्य सांगावं, ही विनंती.

तुमची,
मधू

ता. क. — खरं काम आता लिहिते. पत्र मिळताच सासूबाईंना फोन करून निपाणीला बोलवा. कारण तुम्हीच शोधा. वहिनींना बरं नाही म्हणा, तेजस्वीला बघायला पाहुणे येणार म्हणा (तिला आधी सांगा, नाहीतर ती घर सोडेल). सोमवारपर्यंत त्यांना सोडू नका. त्या सभेत नसल्या तर बायका गोंधळतील आणि गोंधळल्या की हात वर करतील. सासूबाईंना मऊ भात आणि उन्हातली जागा लागते, आणि दुपारी कुणी समोर येऊन बसलं की बरं वाटतं. वाईट वाटतं हे लिहिताना, पण माझा नाइलाज आहे.

ता. क. दुसरा — बोलवू नका. पत्र पेटीत टाकायला निघाले तर सासूबाई स्वयंपाकघरात. मुगाची खिचडी टाकली होती, कांदा-लसूण न घालता. मला म्हणाल्या, भांडं धर, दिवस मावळायच्या आत पोचलं पाहिजे, ते लोक जैन आहेत, नंतर जेवत नाहीत. मी विचारलं, कुठे? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेत नापास झाले आहे. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, तिथे भाऊबंदांनी शिजवून न्यायचं, एवढंही तुला सांगायचं का, म्हणाल्या.

भांडं घेऊन मी मागे, त्या पुढे. आण्णाप्पा सोप्यावर बसले होते, आम्हाला बघून उठून उभे राहिले. सासूबाईंनी खिचडी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "तुझा बा गेला आणि माझं पाणी गार झालं रं. सुतक भाऊबंदांनाच लागतं. मग मी परकी कशी? जेव."

अण्णा, एवढा आडदांड माणूस, पण लहान मुलासारखा रडला. मग जेवला. आम्ही उठलो तेव्हा म्हणाला, "आत्या, दुकान बंद हाय, पर मशीन उद्या चालू करतो. तुमी गार पाण्यानं न्हाऊ नगा." घरी येऊन मी हे यांना सांगितलं. ते चपला घालून गेले, आणि या खेपेला जिन्यातून परत आले नाहीत. दोघं काय बोलले विचारलं तर म्हणे, शीतखोलीच्या दाराला फट आहे, ती बुजवायला हवी, यावर बोललो. आण्णाप्पांनी सहीसाठी कराराचा कागद मागितला आहे. (काम खिचडीने झालं आणि वर्षभर काढलेली नळ्यांची सगळी चित्रं वाया गेली, याचं यांना थोडं दुःखच आहे.)

ता. क. तिसरा — सोमवार. या गडबडीत पत्र पेटीत टाकायचं राहूनच गेलं. सभा झाली, बायकांनी सगळ्यांच्या आधी हात वर केले. सासूबाईंनीच त्यांना समजावलं होतं: नळी काढली तर सुतक जाईल, पण दुःखाला येणारी माणसंही जातील, काय ते ठरवा. आता एकच. निपाणीपर्यंत नळी येत नाही, तेव्हा सासूबाईंच्या हिशेबाने तुम्ही भाऊबंदांत धरले जात नाही, फक्त माहेर. रागावू नका, हा निकाल माझा नव्हे. आणि आज सकाळी हे खिडकीतून आण्णाप्पांना ओरडले की पाणी कोमट येतं, यंत्र नीट चालवा. आण्णाप्पा तिकडून ओरडले की तुमच्या नळीत खोट आहे, आमच्या खोलीत नाही. कितीतरी वेळ चाललं होतं, अर्धी कॉलनी गॅलऱ्यांत. मी सोडवायला निघाले तर सासूबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, भांडू दे, आता खरे भाऊबंद झाले.