पखवाजावरची टाच

टाकानिनी, ऑकलंड
१६ जून २०२५

ती. आईंना,
दमयंतीचा सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा आता कसा आहे? इथे थंडी कडाक्याची आहे. सिद्धी शाळेत जाते, जेवते. काल तुम्ही पाठवलेलं मेतकूट भातावर घालून घेतलं.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते आहे. आपल्या गुरुनाथच्या हातून हातोडी निसटली, त्या मुलीला चुकून लागली, गुरुवारी पोलिसांना एवढंच सांग, असं म्हणून तुम्ही रडायला लागता आणि मी फोन ठेवते. पत्रात तरी माझं बोलणं पुरं होईल.

आधी जोसेलिनबद्दल. तुम्ही तिला 'ती नाचगाणीवाली' म्हणता. ती मार्टिनिकची, कॅरिबियनमधल्या एका बेटावरची. तिच्या पूर्वजांना आफ्रिकेतून धरून आणून उसाच्या मळ्यांत राबवलं होतं. त्यांचं ढोलवादन ती इथल्या आफ्रिकन आणि कॅरिबियन घरांतल्या मुलांना शिकवते. शनिवारी गुरुनाथचा पखवाजाचा क्लास संपला की त्याच हॉलमध्ये तिचा सुरू व्हायचा. आधी गायला लावते, मग नाचायला, आणि मग कुठे ढोलाला हात लावू देते. वाजवताना नजर नाचणाऱ्याच्या पायांवर हवी. कुणी ढोलाकडे बघत बसलं की ओरडते. ढोल आडवा टाकून त्यावरच बसायचं, हातांनी वाजवायचं आणि टाच कातड्यावर दाबून आवाज चढवायचा. तिची भाची नादेज त्यात सगळ्यांहून तयार. सोळा वर्षांची आहे.

आपल्याकडे वाद्याला चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. गुरुनाथला ते बघवत नसे. मी म्हटलं, त्यांच्यात टाच म्हणजे तिसरा हात. तो म्हणाला, "मग त्यांच्या हॉलमध्ये लावू देत." जसा काही हॉल त्याच्या मालकीचा.

त्या शनिवारी आपल्या क्लासची मुलं घरी गेली होती. जोसेलिन गाडीतून ढोल आणायला गेली होती. मी सतरंज्या गुंडाळत होते आणि गुरुनाथ कोपऱ्यात एक पखवाज हातोडीने ठोकून सुरात लावत बसला होता. सिद्धीने नादेजला म्हटलं, "शो मी." आणि बाबांचा पखवाज आडवा टाकून ती त्यावर बसली, कातड्यावरच्या काळ्या शाईवर टाच ठेवून. नादेज खाली गुडघ्यांवर बसली आणि तिचा पाय हातात धरून कुठे दाबायचं ते दाखवू लागली.

हातोडी नादेजच्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग त्याने ती पुन्हा उचलली आणि पुन्हा त्याच हातावर मारली. पखवाजाची कातडी पुडी रक्ताने भरली. आई, निसटलेली हातोडी दुसऱ्यांदा वर जात नाही. तिसरा घाव बसायच्या आत जोसेलिन धावत आली आणि तिने ढोलावर ठेका धरायची काठी त्याच्या तोंडावर हाणली. दात पडल्याचं त्याने तुम्हाला सांगितलं म्हणे. त्याआधीचं सांगितलं नाही.

इथे सगळ्यांना वाटतं, काळ्या पोरीने पखवाजाला हात लावला म्हणून त्याने मारलं. पोलिसही तसंच समजतात. पण त्याला नादेज दिसलीच नव्हती. उठताना तो ओरडला होता, "सिद्धे, पायच तोडतो तुझा." नादेजला मराठी येत नाही, जोसेलिन बाहेर होती. ते वाक्य समजणारे हॉलमध्ये तिघंच होतो.

पण येणारी हातोडी नादेजला दिसली. हात काढून घ्यायला तिला वेळ होता. तिने तो काढला नाही, उलट सिद्धीचा पाय जास्तच घट्ट धरला. घरी आल्यावर सिद्धी म्हणाली, "ही वॉज गोइंग टू ब्रेक माय फूट, मम्मा. शी न्यू." मग तिने मोजा काढून मला अंगठा दाखवला. मार्चमध्ये नख काळं पडलं होतं, तेव्हा दारात सापडलं म्हणाली होती. दार नव्हतं ते. ताल चुकला होता.

तुम्ही म्हणता, गुरुनाथला त्याचे बाबाही मारायचे, म्हणून तर तो एवढा तयार झाला. त्याची डावी करंगळी अजून सरळ होत नाही. बाबांनी मारलं आणि तुम्ही हळद लावलीत. मला तुमचा राग येतो, आणि त्या वेळी तुमच्या हातात दुसरं काय होतं, तेही कळतं. माझ्या हातात आहे.

नादेजच्या हातात धातूची पट्टी आणि स्क्रू घातले आहेत. बोटं पूर्वीसारखी चालतील का, ते डॉक्टर सांगत नाहीत. परवा ती प्लास्टरसकट ढोलावर बसली आणि उरलेल्या हाताने आणि टाचेने धाकट्या मुलांना शिकवत होती. सिद्धी मागे बसून ढोलाच्या लाकडावर काठ्यांनी ठेका धरत होती. मला रडू आवरेना, तरी मी तिथून हलले नाही.

गुरुनाथला आमच्याजवळ यायला बंदी आहे. तो मित्राकडे राहतो, रोज निरोप पाठवतो की पखवाज धुऊन ठेव. नादेजच्या हाताची चौकशी एकदाही केलेली नाही.

गुरुवारी मी ते वाक्य पोलिसांना सांगणार आहे, आधी मराठीत, जसं तो ओरडला तसंच, आणि मग त्याचा अर्थ. तो तुरुंगात गेला तर मी पाठवला असं सगळ्यांना सांगा, मी नाही म्हणणार नाही. तुम्हाला नातीला भेटायला यायचं असेल तर जरूर या. फक्त तिच्यासमोर 'निसटली' म्हणू नका.

तुमची सून म्हणून सही करायचा हक्क अजून आहे की नाही, ते तुम्ही ठरवा.

सिद्धीची आई,
दमयंती