त्याचा पह्यला पिक्चर

लखनभिया,

तू पुण्याले गेला, पण आर्णीहून आणलेलं तुह्या त्या लांब केसवाल्या रॉक गाणाऱ्याचं पोस्टर अजून भिंतीवरच आहे. बापू त्याले भूतच म्हणे. अन् तो खरंच गाणं सोडून भुताचे पिक्चर काढाले लागला, तवा तू कसा नाचलता! "पुष्पे, माणूस असा पाह्यजे. एक संपलं त दुसरं धरते."

यंदाही कपाशी लाल्या रोगानं गेली. टीव्हीवाले तांड्यात रडतं घर शोधून राह्यले. आम्हाले आता रडाचाही कंटाळा आला.

काल बापू त्या पोस्टरसमोर उभे राह्यले. म्हणे, "कपाशी सोडून हळद लावून पाहू काय?" मंग हळूच विचारलं, "याचा पह्यला पिक्चर चालला होता काय वं?"

पार आपटला होता. तूच सांगितलं होतं. तरी त्यानं दुसरा काढला, म्हणून त तो तुहा देव.

मी म्हटलं, "जबर चालला, बापू."

हे पत्र मी टाकत नाही. तुले खोटं जमत नाही, अन् बापू आज सकाळीच हळदीचं बेणं पाहाले गेले.

तुही थकलेली,
पुष्पा