कुलूप तू लाव

प्रिय मास्तर,

एकाच घरात राहून नवऱ्याला पत्र लिहिणारी मी पहिलीच बाई असेन. हसू नकोस. फोनवर मी चिडते आणि तू नुसता हं हं करतोस, म्हणून कागद घेतला. उद्या पहाटे तू डबा उचलशील तेव्हा हे पिशवीत असेल.

पोरीचा फोन आला होता. होस्टेलवर रुळली आहे, वजनही वाढलंय म्हणे. बाबा काय म्हणतात, असं तिनं विचारलं. तू काय म्हणतोस ते मला तरी कुठे ठाऊक? फ्रिजवर तुझी शेवटची चिठ्ठी गॅस संपत आल्याची. तीही गेल्या आठवड्यातली.

कारखान्यात नव्या मॅनेजरबाईंनी ज्याची त्याला शिफ्ट निवडू दिली, तेव्हा पोरगी पहिलीत होती. मी सहा ते दोन घेतली, तू दोन ते दहा. सुट्टीसुद्धा माझी रविवारी, तुझी मंगळवारी. फाटकापाशी मी बाहेर येणार, तू आत जाणार, आणि तेवढ्यात भाजी कुठे झाकलीय, पोरीचा खोकला कसा आहे, एवढं बोलणं. पण पोरगी कधी कुलूपबंद दाराशी आली नाही. माझं डोकं दुखायचं थांबलं, तुझं बीपी उतरलं. चष्म्याच्या काचा तपासताना एकही ओरखडा माझ्या नजरेतून सुटेनासा झाला, तू शिकवलं होतंस तसं. खोटं कशाला बोलू, त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

मग पोरगी शिकायला गेली आणि आपण तो पराक्रम केला. शिफ्ट सहा महिन्यांतून एकदाच बदलता येते. तुला चकित करायचं म्हणून मी गुपचूप दोन ते दहा मागितली, सुट्टी मंगळवारची. तुला संशय नको म्हणून पहाटे नेहमीसारखीच डबा घेऊन निघाले आणि दुपारपर्यंत मैत्रिणीकडे थांबले. नवा ड्रेस घालून फाटकाशी पोचले, तर तू घाम पुसत बाहेर येतोयस! मला चकित करायला तू सकाळची घेतली होतीस आणि माझ्या रिकाम्या टेबलापाशी चार चकरा मारून आला होतास. वॉचमन हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. आपण मात्र भांडलो. आधी विचारायचं नाही का, हे दोघांनी एकमेकांना सुनावलं आणि तीन दिवस अबोला धरला. त्यानंतर कसले समजूतदार झालो रे आपण! तू तुझी सोय बघ, तू तुझी बघ.

परवा कारखान्याच्या नर्सबाई फॉर्म भरून घेत होत्या. झोप लागते का? लागते. डोकं दुखतं? नाही. कामाच्या वेळेबद्दल समाधानी? पूर्ण. जेवायला बरोबर कोण असतं, हे त्यांच्या कागदावर नव्हतंच. असतं तर मी तिथेच रडले असते. मला तुझी फार आठवण येते, मास्तर. एकाच पांघरुणात झोपूनही येते.

आज तुझा शर्ट धुवायला घेतला आणि सवयीनं खिसा तपासला. आत तुझा नवा अर्ज. दोन ते दहा, सुट्टी मंगळवार. आणि माझ्या पर्समध्ये माझा अर्ज होता: सहा ते दोन, सुट्टी रविवार. आणखी सहा महिने आपण त्याच फाटकावर एकमेकांना चुकवलं असतं. माझा मी फाडलाय, म्हणजे माझी दोन ते दहाच राहील. तुझा या पत्रासोबत ठेवलाय. शुक्रवारी अर्जाचा शेवटचा दिवस आहे, तो आहे तसाच दे. खाडाखोड करू नकोस, माझी सोय बघू नकोस, आणि कृपा करून मला चकित करू नकोस. मी आयुष्यात पहिल्यांदा एका जागी उभी राहणार आहे. सोमवारी सकाळी दोन कप चहा टाकीन, जेवायला बरोबर बसू आणि दीड वाजता बरोबरच निघू. बारा वर्षांत कामाला जाताना आपण दोघं कधी एकत्र घराबाहेर पडलो नाही. कुलूप तू लाव. मी पायरीवर थांबते.

तुझीच,
घाईबाई